तासाभराचं पुस्तक

नमस्कार ताई,
मी कुठल्याच कॉलेजात किंवा युनिव्हर्सिटीत नाही, नोकरी सांभाळून हौसेनं संशोधन करतोय. विषय आहे जहाजांवरचा स्कर्व्ही, म्हणजे लांबच्या सफरीत खलाशी ज्या रोगाने पटापट मरायचे तो. पुस्तकं सगळी ऑनलाइन लायब्ररीतून घेतो पण हल्ली वैताग आलाय. एखादं पुस्तक मिळतं ते फक्त एका तासासाठी, प्रस्तावना वाचेपर्यंत वेळ संपते. दुसऱ्याला वेटिंग लिस्ट, अहो फाइलच आहे ना ती, मग रांग कशाला? गेल्या वर्षी एका पुस्तकातून नोट्स काढल्या होत्या ते आता उघडतच नाही, त्याचा संदर्भ कसा देऊ? मित्र म्हणतो एक स्क्रिप्ट देतो, पुस्तक उघडलं की सगळ्या पानांचे फोटो आपोआप काढते, एकदा काढून ठेव आणि सूट. करू का? आणि शेवटचं, जेम्स लिंड या अठराव्या शतकातल्या नौदलाच्या डॉक्टरच्या पुस्तकाच्या स्कॅनमध्ये मी स्कर्व्ही हा इंग्रजी शब्द टाकून शोधलं तर जवळपास काहीच सापडलं नाही. पुस्तकच स्कर्व्हीवर आहे हो!
– तासाभराचा वाचक

---

नमस्कार,

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला हसूच आलं, कारण त्याचं उत्तर एका अक्षराचं आहे. पण ते सगळ्यात शेवटी, आधी तो तास बघू कारण खरी अडचण तिथेच आहे.

तो तास वाचायला दिलेलाच नाहीये. लायब्ररीत संदर्भ विभाग असतो ना, जिथलं पुस्तक घरी नेता येत नाही, तिथेच बसून हवं ते पान काढायचं, उतरवून घ्यायचं आणि पुस्तक ठेवून निघायचं, तसा आहे तो तास. मी बरीच वर्षं अशाच एका टेबलामागे बसलेय आणि सांगते, तिथे दोन प्रकारची माणसं यायची. एक यायची आणि पुस्तक मागून पहिल्या पानापासून वाचायला लागायची, संध्याकाळी लायब्ररी बंद व्हायच्या वेळी तिसऱ्या प्रकरणात असायची आणि आमच्याकडे रागाने बघत जायची. दुसरी यायची हातात कागद घेऊन, त्यावर पानांचे नंबर लिहिलेले असायचे, आणि चाळीस मिनिटांत चहाला मोकळी. तुम्ही सध्या पहिल्या प्रकारात आहात, राग मानू नका.

मग तो कागद आणायचा कुठून, पुस्तक न उघडता? तर इथे ऑनलाइन लायब्ररी कागदी लायब्ररीच्या चार पावलं पुढे आहे. पुस्तक घेण्याआधीच त्याच्या पोटात शोधता येतं. इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन लायब्ररीत पुस्तकाच्या आत शोधायची सोय आहे ती पुस्तक न घेताही चालते, शब्द टाका, कुठल्या कुठल्या पानावर आलाय ते दोन ओळींसकट दिसतं. गूगल बुक्सवर कॉपीराइट असलेल्या पुस्तकाचे नुसते तुकडे दिसतात, पण पान शोधायला तुकडा पुरतो. आणि हाथीट्रस्ट, जे मला सगळ्यात जास्त आवडतं आणि ज्याचं नाव खरोखर हत्तीवरूनच ठेवलंय कारण हत्ती काही विसरत नाही म्हणतात, २००८ साली मोठमोठ्या युनिव्हर्सिटी लायब्ऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली डिजिटल लायब्ररी, तिथे पावणेदोन कोटींच्या वर खंड आहेत. त्यातली कॉपीराइटवाली पुस्तकं वाचायला मिळत नाहीत, मजकूरसुद्धा दिसत नाही, पण तुमचा शब्द कुठल्या पानावर किती वेळा आलाय एवढं मात्र ती सांगते. बरेच जण ते बघून 'वाचता येत नाही' म्हणून टॅब बंद करतात. अहो, पान नंबर मिळाले की अर्धं काम झालं! हाथीट्रस्टवरून पानं काढा, आर्काइव्हवर तेच पुस्तक तासासाठी घ्या, किंवा तेही नसेल तर ज्या लायब्ररीत छापील प्रत आहे तिला 'अमुक पुस्तकाची ११२ ते ११९ पानं स्कॅन करून मिळतील का' असं विचारा. आख्खं पुस्तक मागितलंत तर नाही म्हणतील, आठ पानं मागितलीत तर बऱ्याचदा हो म्हणतात. फक्त दोन्हीकडे आवृत्ती तीच आहे ना ते बघा, नाहीतर पानं सरकलेली असतात.

घड्याळ सुरू झालं की पहिल्या पानावर जायचं नाही. आधी मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकाचं पान आणि त्याच्या मागची बाजू, आवृत्ती कितवी, वर्ष कुठलं, छापलं कुठे, हे उतरवून घ्या, कारण सहा महिन्यांनी तुम्हाला हेच आठवणार नाही. मग शेवटची सूची. सर्चने सगळं मिळतं असं वाटतं पण सर्च तुमचा शब्द शोधतो, लेखकाचा नाही, आणि सूचीत लेखकाने स्कर्व्ही भलत्याच मथळ्याखाली टाकलेला असू शकतो, नौदलाची रसद, खलाशांची भरती, असं काहीतरी. सूचीत मिळालेले नंबर कागदावर वाढवा, मग त्या पानांवर जा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, वेळ उरली तर. तास संपला आणि मधे दुसऱ्या कुणी ते उचललं नसेल तर पुन्हा घेता येतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, फक्त पुन्हा घेताना नवीन यादीनेच घ्या. काही पुस्तकं आर्काइव्हवर १४ दिवसांसाठीही मिळतात, ती खुशाल सावकाश वाचा.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, ही चूक मी पीएचडीच्या प्रबंधांतसुद्धा बघितलीय. आर्काइव्हवर पुस्तक उघडलं की वरच्या लिंकमध्ये पानाचा आकडा दिसतो. तो कधी नुसता २५ असतो, कधी त्याच्या आधी एन हे अक्षर असतं. एन असेल तर तो छापील पानाचा नंबर नाही, तो स्कॅनमधला फोटो कितवा त्याचा आकडा आहे, कव्हर, कोरी पानं, प्रस्तावनेची रोमन आकड्यांची पानं सगळं धरून. तो संदर्भात टाकलात तर ज्याच्याकडे छापील पुस्तक आहे तो माणूस वीस पानं मागेपुढे चाचपडत बसणार आणि तुम्हाला शिव्या घालणार. नेहमी पानाच्या कोपऱ्यात शाईने छापलेला आकडा बघा.

आता रांग. 'फाइलच आहे ना' हे मला इतक्या जणांनी विचारलंय! फाइल एकच असते हो, पण ती वाचायला द्यायचे हक्क मोजून मिळालेले असतात. सार्वजनिक लायब्ऱ्या लिबीसारख्या ॲपवरून जी ई-पुस्तकं देतात ती त्यांनी विकत घेतलेलीच नसतात, त्यांचं लायसन्स घेतलेलं असतं, बहुतेक वेळा एका लायसन्सवर एका वेळी एकच वाचक, आणि बरीच लायसन्सं काही वर्षांनी किंवा ठराविक वेळा पुस्तक दिलं की संपतात. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने लायब्ऱ्यांसाठी २६ वेळा अशी मर्यादा घातली होती, म्हणजे सव्वीस जणांनी वाचलं की पुस्तक झिजलं असं समजायचं. न झिजणारी वस्तू झिजवून दाखवायची, डोकं लागतं त्याला! तेव्हा लायब्ऱ्यांमध्ये भरपूर आरडाओरडा झाला होता.

दुसरी पद्धत इंटरनेट आर्काइव्हची. तिथे छापील प्रत ताब्यात ठेवायची, तिचा स्कॅन करायचा आणि तो एका वेळी एकालाच द्यायचा, स्कॅन बाहेर असेपर्यंत कागदी प्रत कपाटातच. जेवढ्या प्रती तेवढेच वाचक. म्हणून रांग. मग २४ मार्च २०२० ला, जगभर लायब्ऱ्या बंद होत्या तेव्हा, त्यांनी ती रांगच काढून टाकली, कितीही जणांनी एकच पुस्तक एकाच वेळी घ्यावं. जूनमध्ये हॅशेट, हार्परकॉलिन्स, वायली आणि पेंग्विन रँडम हाउस या चार प्रकाशकांनी न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला भरला, आर्काइव्हने १६ जूनला रांग परत आणली, पण खटला काही थांबला नाही आणि त्यात प्रश्न नुसत्या त्या तीन महिन्यांचा नव्हता, 'एक प्रत एक वाचक' ही मूळ पद्धतच कोर्टासमोर आली. मार्च २०२३ मध्ये आर्काइव्ह हरलं, ४ सप्टेंबर २०२४ ला अपिलातही हरलं, आणि वर सुप्रीम कोर्टात ते गेलं नाही. पाच लाखांच्या वर पुस्तकं वाचायला देणं बंद झालं. मला स्वतःला हा निकाल आवडलेला नाही, पण रांग काढून टाकायचा निर्णयही मला तेव्हाच अंगावर घेतल्यासारखा वाटला होता.

तुमचं पुस्तक कुठल्या लायब्ररीतून गायब झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि कारण दरवेळी हेच असेल असंही नाही. पण या निकालातून एक उलटी खूण हाती लागते. आर्काइव्हवरची बंदी मुख्यतः अशा पुस्तकांवर आली ज्यांचं ई-पुस्तक प्रकाशक स्वतः बाजारात विकतोय. म्हणजे या कारणाने पुस्तक गेलं असेल तर त्याचं ई-पुस्तक बहुधा कुठेतरी आहे, आणि तुमच्या सार्वजनिक लायब्ररीच्या ॲपमध्ये ते नसेल तर तिथे 'हे मागवा' अशी विनंती करता येते, बऱ्याच लायब्ऱ्या वाचकांच्या अशा मागण्या बघून खरेदी ठरवतात. आणि जे पुस्तक ई-पुस्तक म्हणून कधी निघालंच नाही, जुनं, विस्मरणात गेलेलं, ते आर्काइव्हवर अजून असण्याची शक्यता जास्त. तुमच्यासारख्या विषयाला ही दुसऱ्या प्रकारचीच पुस्तकं जास्त लागतात, तेव्हा फार निराश होऊ नका.

संदर्भ कसा द्यायचा? तुम्ही जी छापील आवृत्ती स्कॅनमध्ये बघितलीत तिचाच द्यायचा, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पान, आणि जोडीला कुठल्या डिजिटल लायब्ररीत कधी बघितलं ती तारीख. पुस्तक वाचायला मिळत नसलं तरी तिथली नोंद बहुधा राहते, तिची लिंक द्या. पुस्तक आज उघडत नाही म्हणून तुम्ही ते वाचलंच नव्हतं असं होत नाही. मात्र एक पथ्य मी स्वतः पाळते, नोट्समधलं वाक्य पुन्हा पडताळता येत नसेल तर ते अवतरणात टाकत नाही, माझ्या शब्दांत सांगते. कारण वर्षभरापूर्वीच्या नोट्समध्ये लेखकाचं वाक्य कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं हे मलाच कळत नाही. एकदा मी असं एक छान वाक्य लेखकाच्या नावावर छापायला दिलं होतं, वेळेवर पुस्तक मिळालं म्हणून वाचले, ते वाक्य माझंच निघालं. तेव्हापासून लेखकाचे शब्द नोट्समध्ये उतरवताना दोन्ही बाजूंना ठळक खुणा करते आणि पान नंबर वाक्याच्या आधी लिहिते, नंतर नाही, कारण नंतर लिहायचं राहून जातं.

आता मित्राची स्क्रिप्ट. नको. त्या लायब्ऱ्यांच्या नियमांत ते बसत नाही, खातं बंद होऊ शकतं, आणि प्रकाशकांना लायब्ऱ्यांवर दात धरायला आणखी एक निमित्त मिळतं हे तर आहेच, पण ते सगळं सोडा, मी तुम्हाला कामाचं कारण सांगते. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर 'नवीन फोल्डर ३' नावाचं एक फोल्डर आहे, त्यात कधीकाळी हौसेने काढलेले पानांचे फोटो आहेत, शेकड्यांनी. कुठलं पुस्तक, कुठली आवृत्ती, काही कळत नाही, शोधता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातलं एक पानही मी परत उघडून वाचलेलं नाही. साठवलं की वाचल्यासारखं वाटतं, हा त्यातला सगळ्यात मोठा तोटा. लागेल त्या दोन-चार पानांची स्वतःच्या अभ्यासासाठी कॉपी ठेवायला बऱ्याच देशांच्या कायद्यात जागा असते, किती ते देशागणिक बदलतं, तेवढी ठेवा, आणि फाइलच्या नावातच लेखक-वर्ष-पान लिहा. झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे संदर्भ सांभाळायला, ते लावलंत तर उत्तम, नाहीतर साधी वहीही चालते. आणि चोरीची पुस्तकं फुकट देणाऱ्या त्या दुसऱ्या साइट्स, ज्यांची नावं मित्र पुढच्या वेळी सुचवेल, तिथली फाइल कुठल्या आवृत्तीची, पूर्ण आहे की नाही, कुणी काही काढलंय का, याची कुणाचीच हमी नसते, मग तिच्यावरून संदर्भ कसा देणार?

शिवाय तुम्हाला लागणारं निम्मं सामान तर मोकळंच पडलंय! तुमचा विषय अठराव्या शतकातला, त्या काळातल्या पुस्तकांवर आता कॉपीराइट कसला? अमेरिकेत जुन्या छापील पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात त्यामुळे दर १ जानेवारीला आणखी एका वर्षाची पुस्तकं मोकळी होतात, इतर देशांत बहुतेक ठिकाणी लेखकाच्या मृत्यूनंतर ५०, ६० नाहीतर ७० वर्षं मोजतात. लिंडचं १७५३ चं पुस्तक कुठल्याही हिशोबाने मोकळंच. अशी पुस्तकं तासासाठी घ्यायची नसतात, डाउनलोड करून ठेवायची असतात, कायमची. लंडनच्या वेलकम कलेक्शनने वैद्यकाच्या इतिहासाची प्रचंड सामग्री स्कॅन करून ठेवलीय, लॉगिनसुद्धा लागत नाही. जेम्स लिंड लायब्ररी नावाची साइटच आहे, तुमच्या माणसाच्या नावाची. नवीन संशोधनाची पुस्तकं हवी असतील तर डीओएबी बघा, मुक्त पुस्तकांची निर्देशिका, तिथली रीतसर मोकळी असतात. जेस्टोर या संशोधन-नियतकालिकांच्या साइटवर फुकट खातं काढलं की कुठल्याही कॉलेजात नसलात तरी ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, हे फार कमी स्वतंत्र संशोधकांना माहीत असतं. म्हणजे तुमचे ते मोजके तास फक्त विसाव्या शतकातल्या, ना मोकळ्या ना बाजारात असलेल्या पुस्तकांसाठी राखून ठेवा.

आणि पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा बरं का. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला, सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती बाहेर गेली आणि साइट काही दिवस बंदच होती. तेव्हा ज्यांची सगळी यादी फक्त तिथल्या आवडत्या पुस्तकांत साठवलेली होती ते हात चोळत बसले. यादी तुमच्या वहीत ठेवा.

आता ते अक्षर. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत एस हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे लांब काढायचे, आणि ते दिसायला जवळपास एफसारखं असतं, फक्त मधली आडवी रेघ अर्धीच. माणसाला दोन पानं वाचली की सवय होते, पण स्कॅनवरून मजकूर ओळखणाऱ्या ओसीआरला नाही होत, ते बिचारं एफ समजतं. म्हणजे तुमच्या स्कॅनमध्ये पुस्तकभर स्कर्व्ही आहे, पण एफ लावून. तेव्हा शब्दातला पहिला एस काढून तिथे एफ टाका आणि शोधा, रांगच्या रांग लागेल. हीच युक्ती जहाज, खलाशी, समुद्र या इंग्रजी शब्दांनाही, सगळे एसवरूनच सुरू होतात, तुमच्या विषयाचं नशीबच तसं. शब्दाच्या शेवटी मात्र एस साधाच असतो, आणि मोठ्या लिपीतलाही साधाच, त्यामुळे दोन्ही तऱ्हेने शोधून बघा. काही नवीन स्कॅनमध्ये हे सुधारलेलंही असतं, तिथे सरळ शब्द टाकलात तरी मिळेल. आणि जुन्या पुस्तकांचे शक्यतो दोन वेगवेगळे स्कॅन बघा, कारण घडी घातलेले तक्ते आणि नकाशे बऱ्याच वेळा न उलगडताच फोटो काढलेले असतात, एकात बंद घडी दिसते तर दुसऱ्यात पूर्ण तक्ता.

एक राहिलं. लिंडच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १७५३ ची, एडिनबरोची, मग १७५७ आणि १७७२ अशा आणखी दोन निघाल्या लंडनहून, आणि तिन्ही सारख्या नाहीत, पानं तर नाहीतच नाहीत. ऑनलाइन तिन्हींचे स्कॅन एकाच नावाखाली मिसळलेले दिसतात. तुम्ही पत्रात वर्ष लिहिलेलं नाही. शीर्षकाचं पान उघडून बघा आणि कुठली आहे ते कळवा, मग त्या सालातली पानं कुठे बघायची ते नेमकं सांगते.